मडगार्डाची कड का दुमडतात?

उभ्या असलेल्या मोटारीच्या चाकावरची पत्र्याची कमान नीट न्याहाळा. तिच्या आतल्या बाजूने जपून बोट फिरवले, तर पत्रा टोकाशी काटकोनात आत वळलेला लागेल. ही दीड-दोन सेंटिमीटरची पट्टी म्हणजे मडगार्डाची कड. कारखान्यात ती मुद्दाम ठेवतात, आणि शर्यतीची मोटार तयार करणारे कारागीर तीच कड वर दुमडून सपाट करतात. असे का?

प्रथम कारखान्याची बाजू पाहू. एक पोस्टकार्ड एका टोकाला धरा. दुसरे टोक खाली लवते. आता लांब बाजूची एक सेंटिमीटर कड काटकोनात दुमडून पुन्हा धरा. कार्ड ताठ राहते! मोटारीचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. त्याला ताठपणा देण्याचे काम ही कड करते. शिवाय अनेक मोटारींत मागच्या मडगार्डाचा बाहेरचा व आतला पत्रा या कडेतच एकमेकांना वितळजोडाने जोडलेला असतो.

मग शर्यतीत ती आड का येते?

घर्षण स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, असे तुम्ही शिकता. रबर मात्र हा नियम काटेकोर पाळत नाही. त्यावरचा दाब वाढला की त्याचा घर्षणगुणांक कमी होतो. म्हणून तेवढेच वजन रुंद टायरवर पसरले, तर रस्त्यावरची पकड वाढते. माझदा कंपनीची मियाटा ही दोन आसनांची छोटी मोटार १९८९ साली बाजारात आली. तिच्या टायरवर १८५/६० आर १४ असे आकडे होते. यातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. तिथे २०५ चा टायर बसवला, तर रुंदी २० मिलिमीटर वाढते; म्हणजे चाकाचा मध्य न हलवता तो बाहेरच्या अंगाला १० मिलिमीटर पुढे येतो.

मोटार उभी असताना एवढी जागा असतेही. खरा प्रश्न वळणावर येतो. समजा, मोटारीचे वस्तुमान १००० किलोग्रॅम आहे, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंच आहे आणि डाव्या-उजव्या चाकांतील अंतर १४० सेंटिमीटर आहे. वळणावरचे त्वरण गुरुत्वीय त्वरणाइतके झाले, तर १००० × ५० ÷ १४० म्हणजे सुमारे ३५७ किलोग्रॅमचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. आधी प्रत्येक बाजूला ५०० होता; आता बाहेर ८५७ आणि आत जेमतेम १४३! बाहेरच्या बाजूच्या स्प्रिंगा दबतात, मडगार्ड खाली येते आणि पत्र्याची कड फिरत्या टायरवर सुरीसारखी घासते. टायरची बाजू हा त्याचा सर्वांत नाजूक भाग. भर वेगात ती चिरली, तर चालकाच्या जिवावर बेतते.

दुमडण्यातले गणित

कड वर दुमडणे कागदाची घडी घालण्याइतके सोपे नाही. कागद एका पेल्याभोवती गुंडाळा. दोन सेंटिमीटर काठाच्या वर राहू द्या. हा वरचा भाग बाहेर दुमडून पाहा. कागद फाटतो! कापे दिले, तर पाकळ्या उघडतात व मध्ये फटी पडतात.

कारण भूमितीत आहे. चाकाची कमान ३३ सेंटिमीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ मानू. तिची लांबी ३.१४ × ३३ म्हणजे सुमारे १०३.६ सेंटिमीटर. दोन सेंटिमीटरची कड वर गेली की तिची मोकळी किनार ३५ सेंटिमीटर त्रिज्येवर येते. तिथली लांबी १०९.९. म्हणजे तेवढाच पत्रा सुमारे ६ टक्के ताणला गेला पाहिजे. कागद ताणत नाही, म्हणून फाटतो. मऊ पोलाद मात्र न तुटता याहून अधिक ताणले जाते. पण ताण एकाच जागी साचला, तर पत्रा तडकतो किंवा मडगार्डाला बाहेरून लाटा पडतात.

म्हणून घाई चालत नाही. चाक काढून त्या जागी एक फिरता दांडा बोल्टांनी बसवतात. दांड्याच्या टोकाला कठीण प्लॅस्टिकचा रूळ असतो. तो कमानीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा फिरवतात आणि दर फेरीला दाब थोडासा वाढवतात. दाब काढला की पत्रा किंचित मागे येतो, ही त्याची स्थितिस्थापकता. ती मर्यादा ओलांडली, तरच वाक कायम राहतो. एकदा वाकवलेला पत्रा तिथे अधिक कठीण होतो, म्हणून तो मागे-पुढे वाकवत बसणे घातक. तार अशीच वाकवून तुम्ही तोडता ना!

रंगाचा थर थंडीत ठिसूळ असतो. म्हणून गरम हवेच्या झोताने तो आधी हाताला चटका बसेल इतपत तापवतात. तरीही तडे गेलेच, तर तेथे पाणी शिरून गंज धरतो. तेव्हा लगेच गंजरोधक रंगाचा हात द्यावा लागतो.

कड कापून टाकली, तर काम झटपट होईल. पण मग ताठपणा जाईल आणि दोन पत्र्यांचा जोडही उघडा पडेल. दुमडल्याने पत्र्याचा दुहेरी थर उरतो, जोड बहुधा शाबूत राहतो आणि टायरसमोर धारेऐवजी गोल वाक येतो.

घरातल्या पत्र्याच्या डब्याचा काठ, स्टीलच्या ताटाची किनार आणि बादलीचे तोंड पाहा. तिथे कड कोणत्या बाजूला वळवली आहे? ती वळवताना पत्रा ताणला गेला असेल की आखडला असेल? त्रिज्या मोजा आणि उत्तर तुम्हीच काढा.