डर्बीच्या दिवसाचा क्रम

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी महालक्ष्मीच्या मैदानावर इंडियन डर्बी कोणत्या घोड्याने जिंकली, हे ज्याने जन्मात रेसकोर्सची पायरी चढलेली नाही त्याच्याही कानावर दुसऱ्या दिवशी जाते. परंतु त्या दिवशीच्या शर्यतींमध्ये डर्बी कितवी होती, तिच्या आधी कोणती शर्यत धावली आणि मागाहून कोणती, याची पृच्छा सहसा कोणी करीत नाही. वास्तविक दिवसाचे यशापयश ज्यावर अवलंबून असते ती गोष्ट म्हणजे हा अनुक्रमच होय, आणि तो ठरविणे हे घोड्यांची पारख करण्याइतकेच अभ्यासाचे काम आहे.

हा कारभार ज्या संस्थेकडे आहे तिचा वंश जुना. 1802 साली स्थापन झालेल्या बॉम्बे टर्फ क्लबच्या शर्यती प्रथम भायखळ्याच्या माळावर होत. 1883 पासून त्या महालक्ष्मीच्या भराव घातलेल्या दलदलीवर होऊ लागल्या, आणि 1935 मध्ये ‘रॉयल’ ही उपाधी मिळून क्लबाचे नाव रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब असे झाले. पावसाळ्यात पुणे आणि थंडी सुरू झाली की मुंबई, ही या क्लबाची वहिवाट. तिच्यातही एक क्रम आहेच. डिसेंबरात सोळाशे मीटरच्या दोन गिनी शर्यती, जानेवारीत फक्त घोड्यांच्या माद्यांसाठी ओक्स, फेब्रुवारीत चोवीसशे मीटरची डर्बी, आणि पुढे पुण्यात अठ्ठावीसशे मीटरची सेंट लेजर, अशी अंतरे वाढत जातात. प्रत्येक घोडा 1 जानेवारीला एका वर्षाने मोठा धरला जात असल्यामुळे गिनीत तीन वर्षांचा म्हणून धावलेला घोडा डर्बीत चार वर्षांचा होऊन उतरतो. 1943 साली पहिली डर्बी बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्युटिफुल या घोडीने जिंकली, हे या शर्यतीच्या इतिहासातील मला सर्वांत प्रिय असलेले पान आहे.

हंगामाच्या आरंभी क्लब जो प्रॉस्पेक्टस प्रसिद्ध करतो, त्यात प्रत्येक शर्यतीचे अंतर, अटी, बक्षीस आणि अनुक्रमांक दिलेला असतो. पण हा अनुक्रमांक म्हणजे दिवसातला क्रम नव्हे, आणि नवख्या माणसाचा पहिला गोंधळ येथेच होतो. नावे दाखल करण्याची मुदत संपते, हँडिकॅपर प्रत्येक घोड्याच्या पाठीवरचे वजन जाहीर करतो, ते पाहून मालक आणि ट्रेनर घोडा उतरवायचा की मागे घ्यायचा याचा निर्णय कळवितात, आणि मग कोठे कोणत्या शर्यतीला किती घोडे उरले हे स्पष्ट होते. एखाद्या कनिष्ठ वर्गाच्या शर्यतीला इतकी गर्दी होते की तिचे दोन विभाग पाडावे लागतात. एखादीला पुरेसे घोडेच मिळत नाहीत आणि ती रद्द होते. हा सर्व ताळेबंद हाती आल्यावरच दिवसाची मांडणी पक्की करता येते.

या मांडणीत डर्बी अखेरची नसते. बहुधा ती शेवटून दुसरी किंवा तिसरी असते. मुंबईत फेब्रुवारीच्या आरंभी साडेसहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, आणि हंगामातील सर्वांत मोलाची शर्यत उतरत्या पण पुरेशा उजेडात धावली पाहिजे, हे पहिले कारण. दुसरे, डर्बीनंतर विजेत्या घोड्याला मिरवीत आणणे आणि चषक देणे यात वेळ जातो. पुढे शर्यत उरली नाही तर लोक हा सोहळा पाहण्याऐवजी फाटकाकडे धाव घेतील. इंग्लंडातील रॉयल अ‍ॅस्कॉटची रीत वेगळी: तेथे राजघराण्याच्या बग्ग्यांची मिरवणूक आली की क्वीन अ‍ॅन स्टेक्ससारख्या अव्वल शर्यतीनेच सप्ताहाचा प्रारंभ होतो. ज्या समारंभाला राजवैभवाने आधीच रंग चढलेला असतो तेथे ते शोभते. महालक्ष्मीला मात्र उत्कंठा दुपारभर हळूहळू वाढवीत न्यावी लागते, आणि मला हीच रीत अधिक रसिकतेची वाटते.

दोन शर्यतींमध्ये साधारण अर्ध्या तासाचे अंतर असते. हा अर्धा तास जवळून पाहिल्यावाचून क्रमाचे महत्त्व कळत नाही. शर्यत संपताच जॉकी खोगीर उतरवून ते कवेत घेऊन वजनाच्या खोलीत जातो आणि काट्यावर उभा राहतो. धावण्यापूर्वी नोंदलेले वजन आणि आताचे वजन जुळले, आणि कोणाची तक्रार दाखल झाली नाही, तरच निकाल कायम होऊन पैसे वाटले जातात. तोच जॉकी मग पुढच्या मालकाचे रंग चढवितो, वजनाला कमी पडत असेल तर खोगिराखालच्या खिशांत शिशाच्या पट्ट्या सरकवितो, आणि पुन्हा काट्यावर येतो. इकडे पॅडॉकमध्ये मोतद्दार पुढचे घोडे लगाम धरून फिरवीत असतात. तिकडे मैदानावर स्टार्टिंग गेट ओढून नव्या अंतराच्या जागी न्यावे लागते. हजार मीटरची सुरुवात दूरच्या बाजूला, तर चोवीसशे मीटरची म्हणजे मैदानाची जवळजवळ एक पूर्ण प्रदक्षिणा. शर्यती कशाही लावल्या तर हे अवजड यंत्र दिवसभर मैदानाभोवती धावत राहील आणि माणसे घामाघूम होतील. प्रथमच धावणाऱ्या कोवळ्या घोड्यांना गर्दीचा गलबला सोसत नाही, म्हणून त्यांची शर्यत स्टँड भरण्यापूर्वी उरकणे शहाणपणाचे.

रेस खेळणाऱ्यांच्या दृष्टीने हा क्रम निराळ्याच अर्थाने वाचला जातो. ट्रेबल या पैजेला लागोपाठ तीन शर्यतींचे विजेते साधावे लागतात, जॅकपॉटला पाच. म्हणजे कोणती शर्यत कोणत्या पाचांत पडते यावर तिकिटाचे भवितव्य ठरते. साखळीत एखादी शर्यत उघड फेव्हरिटची आणि दुसरी पंधरा घोड्यांच्या हँडिकॅपची, म्हणजे वजने घालून सर्वांना बरोबरीत आणणारी, असेल, तर पहिलीत बहुतेकांची तिकिटे तगतात आणि दुसरीत बहुतेकांची फाटतात. टोटवर, म्हणजे पैजांच्या सामायिक गंगाजळीत, जमणाऱ्या पैशातून क्लबाचा हिस्सा निघतो आणि त्यातून बक्षिसांना आधार मिळतो. तेव्हा साखळीतली उत्कंठा शेवटपर्यंत टिकविणे ही केवळ करमणुकीची बाब राहत नाही. या खेळाने कित्येकांचे संसार उघडे पाडले आहेत, हे मी विसरत नाही. तिकिटाच्या खिडकीशी अखेरच्या शर्यतीपूर्वी दिसणारी लगबग ही पुष्कळदा गेलेले भरून काढण्याची धडपड असते, आणि त्या शर्यतीला मोठ्या संख्येचा, अंदाजाला न जुमानणारा हँडिकॅप ठेवण्याचा शिरस्ता मला बोचतो.

पण त्याच हँडिकॅपची दुसरी बाजूही आहे. डर्बीत घोड्यांना 57 किलो आणि घोड्यांच्या माद्यांना दीड किलोची सवलत, एवढाच भेद. तेथे श्रेष्ठत्वाचा निवाडा होतो. खालच्या वर्गात मात्र बऱ्या घोड्याच्या पाठीवर जड आणि दुबळ्याच्या पाठीवर हलके ओझे घालून सर्वांना एका पातळीवर आणण्याचा यत्न असतो, आणि वर्षभर कुणाच्या नजरेत न भरलेल्या घोड्याच्या मोतद्दारालाही विजयी घोडा हाती धरून आणण्याची संधी मिळते. डर्बीच्या दिवशी ही हँडिकॅप शर्यत डर्बीच्या पाठोपाठ न ठेवता आधी, स्टँड पूर्ण भरलेले असताना ठेवली, तर त्या घोड्यांनाही गर्दीची शाबासकी मिळेल, आणि संध्याकाळच्या त्या लगबगीलाही थोडा आवर बसेल. क्रम ठरविणाऱ्यांनी पुढच्या हंगामात हा फेरफार करून पाहावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.