बुद्धिबळ: पाहण्याचे आणि ऐकण्याचे

बुद्धिबळाचा डाव म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक ओसरी उभी राहते. दोघे पटावर मान वाकवून बसलेले, आणि भोवतालचे चौघे, कोणी विचारलेले नसताना, सल्ला देत असलेले. खेळणारे मुके आणि पाहणारे बोलके, असा आजवरचा रिवाज. अलीकडे तो नेमका उलटा झाला आहे. आता खेळणारा आपल्या खोलीत संगणकापुढे बसतो, कॅमेरा सुरू करतो आणि डाव चालू असतानाच मनातले विचार मोठ्याने बोलू लागतो. हजारो माणसे घरबसल्या ते पाहतात व लिहून प्रश्न विचारतात. यालाच बुद्धिबळाचे 'स्ट्रीमिंग', म्हणजे थेट प्रक्षेपण म्हणतात. अशी प्रक्षेपणे करणाऱ्यांशी गप्पा माराव्यात आणि त्या पॉडकास्टच्या रूपाने लोकांना ऐकवाव्यात, असे आम्हां देवबागच्या काही मंडळींनी योजिले आहे. त्या खटाटोपात जे उमगले ते येथे मांडतो.

आपल्याकडे या प्रक्षेपणांना खरा बहर आला तो २०२० सालच्या टाळेबंदीत. विनोदी कलावंत समय रैना याने घरातून बुद्धिबळ दाखविण्यास आरंभ केला, आणि नाशिकचे ग्रँडमास्टर विदित गुजराथी त्याच्याबरोबर खेळावयास व हसावयास बसले. पट्टीचा खेळाडू नवशिक्याच्या चुकांवर हसतो आणि स्वतःच्याही चुका कबूल करतो, हे पाहून ज्यांनी कधी प्यादे हलविले नव्हते तेही या खेळाकडे वळले. मुंबईचे इंटरनॅशनल मास्टर सागर शाह आणि त्यांच्या पत्नी अमृता मोकळ यांच्या 'चेसबेस इंडिया'ने स्पर्धांची वार्ता व खेळाडूंच्या मुलाखती घरोघरी पोहोचविल्या.

आता पॉडकास्ट म्हणजे काय? रेडिओचा कार्यक्रम ठरल्या वेळी लागतो. चुकला तो चुकला. पॉडकास्ट ही ध्वनिमुद्रित फाईल असते. ती एका ठिकाणी साठवितात, आणि तिची नोंद 'फीड' नावाच्या यादीत करतात. श्रोत्याच्या फोनमधील ॲप ती यादी वाचून नवा भाग आला की आणून देते. पॉडकास्ट हा शब्द प्रथम छापला गेला २००४ साली, एका ब्रिटिश वृत्तपत्रात. बोलण्यापुरता आवाज सेकंदाला ६४ किलोबिट या प्रमाणात साठविला, तर तासाभराची फाईल सुमारे २९ मेगाबाइटची होते. चित्रफितीच्या मानाने हे ओझे फारच हलके; जेथे फोनला धड रेंज नाही तेथेही ते उतरवून घेता येते.

साधने थोडीच लागतात. परंतु देवबागात पहिला अडथळा येतो तो आवाजाचा. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, आणि मध्ये आमची चिंचोळी वस्ती. लाटांचा आवाज आमच्या कानांना ऐकूच येत नाही, इतका तो अंगवळणी पडलेला; यंत्राला मात्र तो प्रथम ऐकू येतो! पहिली चाचणी अशीच वाया गेली. मग समुद्राकडची खिडकी लावली, पंखा बंद केला, भिंतीला गोधड्या टांगल्या आणि मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवला. दूरच्या पाहुण्याशी बोलताना आणखी एक काळजी घ्यावी: दोन्ही बाजूंनी आपापले मुद्रण वेगळे करावे, म्हणजे मध्येच इंटरनेट तुटले तरी शब्द हरवत नाहीत.

दुसरा अडथळा याहून गहन आहे. बुद्धिबळ हा डोळ्यांचा खेळ, आणि पॉडकास्ट केवळ कानांचा. आमच्यातील एकाने मोठ्या उत्साहाने एक डाव चालींसह वर्णिला. शेजारच्या काकांनी तो शांतपणे ऐकला आणि म्हणाले, "आवाज बरो येता, पण घोडो खंय गेलो ता काय कळणा नाय." त्या दिवशी आम्ही ठरविले की चाली कमीत कमी सांगावयाच्या आणि माणूस अधिक ऐकवावयाचा. घोडा कोठे गेला यापेक्षा तो टाकताना छातीत काय धडधडले, हे कानाला चांगले कळते.

असे प्रश्न पुष्कळ आहेत. ३० ऑगस्ट २०२० रोजी ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम सामन्यात इंटरनेट खंडित झाल्याने निहाल सरीन व नागपूरची दिव्या देशमुख यांचे डाव वेळेवर हरल्याचे दिसले. भारताने तक्रार केली, आणि रशियासह दोघांनाही सुवर्णपदक देण्यात आले. पडदा एकाएकी थिजला त्या क्षणी काय वाटले असेल? मे २०२१ च्या तौक्ते वादळात ज्यांनी दिवसचे दिवस विजेवाचून काढले, त्या आमच्या किनाऱ्याला हा प्रश्न परका नाही. तीच दिव्या २०२५ साली बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली.

शेवटची गोष्ट जबाबदारीची. अमेरिकेचे ग्रँडमास्टर डॅनियल नरोडिट्स्की आपल्या प्रक्षेपणांत प्रत्येक चालीमागचा विचार उलगडून सांगत. असंख्य लोक त्यांच्याकडून शिकले. एका माजी जगज्जेत्याने त्यांच्या ऑनलाइन खेळाविषयी जाहीर संशय घेतला. त्यांनी तो नाकारला, आणि तो कधी सिद्ध झाला नाही. आपण चांगले खेळू लागलो की लोक वाईटच हेतू गृहीत धरतात, ही खंत त्यांनी आपल्या अखेरच्या प्रक्षेपणात बोलून दाखविली. ऑक्टोबर २०२५ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, ते वारले. मृत्यूशी त्या आरोपांचा संबंध जोडण्याचा आम्हांला अधिकार नाही. परंतु त्यांचे दुःख त्यांनी स्वतःच सांगितले होते, ते विसरण्याचाही नाही.

बुद्धिबळात नियम आहे: ज्या मोहऱ्याला हात लावला तो हलविलाच पाहिजे. थेट प्रक्षेपणाचेही तसेच आहे. तोंडातून गेलेला शब्द गेला. पॉडकास्टमध्ये मात्र बोलणे आणि प्रसारण यांच्यामध्ये निदान एक रात्र असते. म्हणून आम्ही चार नियम केले आहेत. पाहुण्याची परवानगी घ्यावी. तो अज्ञान असल्यास पालकांचीही घ्यावी. पाहुण्याने कोणा तिऱ्हाइतावर आरोप केला, तर त्या तिऱ्हाइताची बाजू ऐकल्यावाचून तो भाग प्रसृत करू नये. आणि पाहुण्याने दुसऱ्या दिवशी "एवढे वाक्य काढा" म्हटले, तर वाद न घालता काढावे.

सदैव हजारोंसमोर बोलणाऱ्या माणसाला, मागे घेता येईल असे बोलण्याची एक जागा मिळावी, एवढाच आमचा हेतू आहे.