‘आहे’चा ‘होता’ कसा झाला?

नगरकरांसाठी जर्मन : लेखांक ९

मागच्या आठवड्यापर्यंत आपण गरीब क्रियापदांशी व्यवहार केला. धातू घ्यायचा, त्याला ठरलेलं शेपूट लावायचं, की काम झालं. आज गाठ आहे ती ‘झाइन’शी. अर्थ फक्त ‘असणे’. पण हे क्रियापद शेपूटच काय, धडसुद्धा बदलतं.

सावेडीतल्या माझ्या शिकवणीत पाथर्डीकडची एक नर्स येते. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून तिला श्टुटगार्टचे वेध लागले आहेत. पहिला महिनाभर ही मुलगी ‘इश झाइन’ म्हणायची, म्हणजे ‘मी असणे’. एकदा वही मिटून म्हणाली, ‘‘सर, बिन, इस्ट, वार, गेवेझन. ह्यात झाइन कुठंय?’’

मी विचारलं, ‘‘आहे, याचा भूतकाळ काय?’’

‘‘होता.’’

‘‘त्यात आहे कुठंय?’’

मागच्या बाकावरून कुणीतरी ‘‘व्हता, व्हता!’’ म्हणून हाळी दिली, पण ती मात्र विचारात पडली. आपण रोज शंभरदा ‘आहे, होता, असेल’ म्हणतो. तीन काळांना तीन तोंडं. तरी कुणाला अवघड गेलं नाही, कारण ते आपण व्याकरणातून शिकलोच नाही. झाइनही असंच पाठ व्हायला हवं.

तर वर्तमानकाळ. इश बिन, डू बिस्ट, एर इस्ट. मी आहे, तू आहेस, तो आहे. अनेकवचनात वीअर झिंट, ईअर झाइट, झी झिंट. आम्ही आहोत, तुम्ही आहात, ते आहेत. डॉक्टरांशी किंवा अनोळखी माणसाशी आदराने बोलताना ‘झी झिंट’च वापरायचं, लिहिताना त्यातल्या ‘झी’चं पहिलं अक्षर मोठं. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतला फरक आपल्याला कुणी शिकवायला नको. झिंटच्या शेवटी लिहितात ‘ड’, बोलतात ‘ट’. आणि ‘इश’मधला श आपल्या शहाळ्यातला नाही. ‘ही’ म्हणताना ह टाळूला घासून सोडा, जवळ जाल. देवनागरीचा इथे नाइलाज आहे.

आता ‘इस्ट’शेजारी संस्कृतचं ‘अस्ति’ ठेवा आणि ‘झिंट’शेजारी ‘सन्ति’. १८१६ साली फ्रान्झ बॉप या जर्मन पंडिताने संस्कृतची क्रियापदं ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मन कुळातल्या भाषांच्या क्रियापदांशी ताडून पाहिली. तौलनिक भाषाशास्त्राचा पाया घातला गेला तो असा, धातू चालवून. आपल्याकडचे डॉ. पां. दा. गुणे हीच विद्या शिकायला लाइपसिकला गेले आणि १९१८ साली या विषयावर त्यांचं इंग्रजी पाठ्यपुस्तक निघालं.

त्या मंडळींच्या हिशेबाने झाइन हे एक क्रियापद नव्हेच. तीन घरांचा एकत्र संसार आहे तो. इस्ट आणि झिंट ‘अस्’च्या घरचे. बिन आणि बिस्ट यांच्यातला ब आला ‘भू’च्या घरून. वार आणि गेवेझन ‘वस्’चे, म्हणजे ज्यातून आपली वस्ती आणि निवास आले त्या घरचे. राहिला होता तो ‘होता’ झाला, असं समजा. वस् मधला स वारमध्ये र कसा झाला? जुन्या जर्मनमध्ये एकवचनात ‘वास’ होतं आणि अनेकवचनात ‘वारुन’. पुढे र ने सगळी जागा बळकावली. इंग्रजीने दोन्ही सांभाळले: वॉज आणि वेअर. आपला ‘होता’ मात्र ‘भू’चा. भवति, मग प्राकृतातलं होइ, मग होणे. ‘आहे’च्या कुळाबद्दल पंडितांचं अजून एकमत नाही, त्यांना भांडू द्या.

भूतकाळ: इश वार, डू वार्स्ट, एर वार, वीअर वारन, ईअर वार्ट, झी वारन. सरावाला नगरचंच वाक्य घेऊ. या गावाने जर्मन बोली पूर्वीही ऐकली आहे. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या जर्मनांना इथल्या छावणीत डांबलं होतं. १९३९ साली पुन्हा तेच. त्या खेपेला कराचीत पकडलेला हाइनरिश हारर हा ऑस्ट्रियाचा गिर्यारोहक इथे आला. पुढे देवळाली, मग डेहराडून, आणि १९४४ साली तिथून निसटून तिबेट. त्याच्याबद्दल लिहा: एर वार इन आह्मदनगर. तो नगरला होता.

हेच ‘एर इस्ट इन आह्मदनगर गेवेझन’ असंही म्हणता येतं. पुस्तकात दोन्ही बरोबर. बोलताना इतर क्रियापदांना जर्मन माणूस बहुधा हा जोडकाळ लावतो, झाइनला मात्र सुटसुटीत ‘वार’ पुरतं. दक्षिणेकडे आणि ऑस्ट्रियात ‘गेवेझन’ जास्त कानावर पडेल. श्टुटगार्टला तर त्याचं नुसतं ‘ग्वे’ होतं, आपल्याकडे ‘आहे’चं ‘हाय’ होतं तसं.

झाइन दुसऱ्या क्रियापदांच्या मदतीलाही धावतं. गेलो आहे: बिन गेगांगन. गेलो होतो: वार गेगांगन. अगदी आपल्यासारखं. म्हणून जाण्यायेण्याची क्रियापदं नगरकराला सोपी. पण ‘झोपलो आहे’ला बिन लावलंत की फसलात, तिथे आणि ‘खाल्लं आहे’ला ‘हाबन’ लागतं. ते पुढच्या आठवड्यात.

भविष्यकाळाला वेर्डन जोडतात: इश वेर्डं झाइन, एर विर्ट झाइन. पण उद्याचा बेत सांगायला जर्मन माणूस सरळ वर्तमानकाळ वापरतो. ‘मॉर्गन बिन इश इन पुणे’, उद्या मी पुण्यात आहे. मग ‘विर्ट झाइन’ कशाला? पुष्कळदा अंदाजाला. ‘तो घरी असेल’ म्हणताना आपण कुठे भविष्य सांगतो?

हे समजल्यावर आमच्या नर्सबाईंनी वहीत लिहिलं: माइनं मुटर विर्ट येट्स्ट इम श्टाल झाइन. माझी आई आत्ता गोठ्यात असेल.

‘‘कशावरून?’’ मी विचारलं.

‘‘सहा वाजले की सर. धारा काढायची वेळ.’’

दुसऱ्या दिवशी वही पुन्हा आली. रात्री घरी फोन झाला होता. ‘विर्ट’, ‘येट्स्ट’ आणि ‘झाइन’ खोडून वर लिहिलं होतं: वार.