संशोधक-विद्यार्थी आणि प्राध्यापकाची जागा

दप्तरांतील रुमाल पाहण्यासाठीं आमच्याकडे येणारे तरुण अभ्यासक अलीकडे मोडीच्या अडलेल्या अक्षराबरोबर दुसरीहि एक अडचण आम्हांपुढें मांडतात. 'प्रबंध पुरा होत आला. आतां पुढें काय?' हा त्यांचा प्रश्न. त्याचें उत्तर देणें हें संशोधन-संस्थेचें काम नव्हे, असें कोणी म्हणेल. परंतु ज्याची चरितार्थाची विवंचना सुटली नाहीं, त्याच्या हातून वर्षानुवर्षें चालणारें साधनसंपादनाचें काम होणें कठीण, हें उघड आहे. म्हणून या विषयांतील निश्चित तेवढें येथें मांडण्याचें योजिलें आहे.

मागील पिढ्यांनीं हा प्रश्न निराळ्या रीतीनें सोडविला. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेंत संस्कृत शिकवीत आणि पटवर्धनी दप्तरांतील कागद प्रसिद्ध करीत. रियासतकार सरदेसाई बडोदें संस्थानच्या नोकरींत होते. सन १८९८ पासून साधनांचे खंड काढणारे राजवाडे कोणत्याहि विद्यापीठाच्या आश्रयास नव्हते. चरितार्थ एकीकडे व संशोधन दुसरीकडे, अशी ही वांटणी होती. आज पीएच्. डी. ची पदवी व अध्यापकपद हीं एकमेकांस जोडलीं गेलीं आहेत; ती जोडणी कशी आहे, हें विद्यार्थ्यानें आरंभींच समजून घेतलें पाहिजे.

प्रथम पात्रतेचा विचार करूं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सन २०१८ च्या नियमांप्रमाणें सहायक प्राध्यापकाच्या पदास एम्. ए. ला ५५ टक्के गुण लागतात; अनुसूचित जाति-जमाती, इतर मागासवर्ग व दिव्यांग यांस ५ टक्क्यांची सूट आहे. शिवाय नेट अथवा सेट या परीक्षा आहेतच. विद्यापीठांच्या विभागांत पीएच्. डी. आवश्यक करण्याचें याच नियमांत योजिलें होतें. परंतु ती मुदत २०२१ वरून २०२३ वर गेली, आणि अखेर ३० जून २०२३ च्या अधिसूचनेनें नेट-सेट हीच किमान अट ठरली. 'पदवी मिळतेच आहे, मग परीक्षा कशाला?' असें म्हणणाऱ्यानें ही अधिसूचना अवश्य वाचावी. सेट परीक्षा महाराष्ट्र व गोवा यांकरितां सावित्रीबाई फुले पुणें विद्यापीठ घेतें. इतिहासाची प्रश्नपत्रिका मराठींतहि असते. मात्र तिची मान्यता तेवढ्याच प्रदेशापुरती. नेट सर्व देशांत चालते.

मुलाखतीस कोणास बोलवावें, हें ठरविण्यासाठीं त्याच नियमांत १०० गुणांचीं दोन कोष्टकें आहेत. आमच्याकडे येणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं तीं पाहिलेलींहि नसतात. महाविद्यालयांच्या कोष्टकांत बी. ए. ला अधिकांत अधिक २१, एम्. ए. ला २५, पीएच्. डी. ला २५, छात्रवृत्तीसह नेटला १०, नुसत्या नेटला ८ व सेटला ५ गुण आहेत. लेखांस ६, अनुभवास १० आणि पारितोषिकांस ३. विद्यापीठांच्या कोष्टकांत पीएच्. डी. चे गुण ३० व लेखांचे १० होतात. नुसत्या नेटचे मात्र ५ वर उतरतात. लेख एक असो कीं अनुभवाचें वर्ष एक असो, प्रत्येकीं २ गुण.

एक उदाहरण घेऊं. बी. ए. व एम्. ए. या दोहोंत ६० ते ८० टक्क्यांच्या मध्यें गुण, पीएच्. डी., नेट, ३ लेख व २ वर्षांचा अनुभव, असा उमेदवार महाविद्यालयाच्या कोष्टकांत १९, २३, २५, ८, ६ व ४ मिळून ८५ गुणांवर जातो. तितक्याच टक्क्यांचा, छात्रवृत्ति मिळविलेला परंतु प्रबंध अपुरा राहिलेला उमेदवार ५२ वर थांबतो. यावरून दोन गोष्टी निघतात. प्रबंध पुरा करण्याइतका लाभ दुसऱ्या कशांतहि नाहीं. आणि महाविद्यालयासाठीं चौथ्या लेखाचा, तसेंच कोणत्याहि पदासाठीं अनुभवाच्या सहाव्या वर्षाचा, या कोष्टकांत कांहींएक उपयोग नाहीं. शिवाय सन २०१८ च्या नियमांत हे गुण केवळ मुलाखतीच्या दारापर्यंत नेतात. निवड मुलाखतीवरच व्हावयाची. राज्यांकडून यांत वेळोवेळीं फेरफार होतात, व जानेवारी २०२५ मध्यें आयोगानें नवा मसुदाहि पुढें ठेविला. यास्तव प्रत्येक जाहिरात मुळापासून वाचावी; गेल्या वर्षींच्या समजुतीवर विसंबूं नये.

आतां जागा निघते कशी, तें पाहूं. अनुदानित महाविद्यालयांत इतिहासाचीं पदें बहुधा एक किंवा दोन. तेथील प्राध्यापक निवृत्त झाला म्हणजे लगेच जाहिरात येते असें नव्हे. शासनाची ना-हरकत, बिंदुनामावलीची तपासणी, जाहिरात, निवड समिति आणि शेवटीं विद्यापीठाची मान्यता, इतके टप्पे ओलांडावे लागतात. कोणताहि एक अडला कीं पद रिकामें राहतें आणि तेथील तास तासिका तत्त्वावर दिले जातात.

येथेंच खरा धोका आहे. कायम पदाचें मूळ वेतन दरमहा ५७,७०० रुपयांपासून सुरू होतें. तासिकेच्या अध्यापकास घेतलेल्या तासांचेंच मानधन, तेंहि सुट्टीच्या महिन्यांत थांबतें. एक-दोन वर्षें असें शिकविणें हितकर आहे, कारण वर्गांत उभें राहिल्यावांचून अध्यापन येत नाहीं. परंतु 'पुढच्या वर्षीं जाहिरात येईल' या आशेवर दोन गांवांच्या एस्. टी. त जाणारी वर्षें प्रबंधाचीं असतात. पीएच्. डी. ला कमींत कमी ३ व सामान्यतः अधिकांत अधिक ६ वर्षांची मुदत आहे, छात्रवृत्ति मात्र ५ वर्षांचीच. प्रत्येक नेमणुकीचा आदेश व अनुभवाचा दाखला त्याच वर्षीं घेऊन ठेवावा. इतिहासाच्या अभ्यासकास अस्सल कागदाचें महत्त्व सांगावयास नको.

लेखांविषयीं एकच इशारा. सन २०२२ च्या नियमांनीं प्रबंध सादर करण्यापूर्वीं लेख छापण्याची सक्ति काढली, आणि आयोगानें मान्य नियतकालिकांची आपली यादीहि २०२५ त बंद केली. आतां पारख स्वतःच करावयाची. पैसे घेऊन आठ दिवसांत छापणाऱ्या नियतकालिकांतील तीन लेखांपेक्षां एका अप्रसिद्ध महजराचें नीट केलेलें संपादन मुलाखतींत अधिक उभें राहतें. कारण त्यावर विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें उमेदवारास देतां येतात.

शेवटीं, अध्यापकपद हाच एक मार्ग नव्हे. पुराभिलेखागार, वस्तुसंग्रहालय, गॅझेटियर, ग्रंथप्रकाशन येथेंहि मोडी व फारसी जाणणारा मनुष्य लागतो. आमची सूचना इतकीच कीं, प्रबंध पुरा झाल्यावर किती वर्षें वाट पाहावयाची, हें विद्यार्थ्यानें आधींच, घरच्या माणसांसमक्ष ठरवावें. ती मुदत संपल्यावर दुसरी नोकरी धरणें हा पराभव नव्हे. खरेशास्त्र्यांचें संशोधन शाळा सांभाळूनच झालें. कागद कोठें जात नाहींत. संध्याकाळीं येणाऱ्यासहि ते तितकेच खुले आहेत.