रुळांवरून येणारा दवाखाना

१६ जुलै १९९१ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरून एक आगळी गाडी निघाली. तिच्यात प्रवाशांसाठी बाके नव्हती आणि तिकीट तपासनीसही नव्हता. डब्यांत होती शस्त्रक्रियेची टेबले, भूल देण्याची यंत्रे आणि उपकरणे निर्जंतुक करण्याची सोय. लाइफलाइन एक्स्प्रेस हे तिचे नाव. उत्तरेकडे ती ‘जीवनरेखा’ म्हणूनही ओळखली जाते. युद्धात जखमींना नेणाऱ्या गाड्या पूर्वीही होत्या. पण गरिबांच्या मुलखात जाऊन त्यांच्यावर मोफत शस्त्रक्रिया करणारी रेल्वे म्हणून हिला जगातली पहिली मानतात. तिचा पहिला मुक्काम होता खलारी, तेव्हाच्या बिहारातला आणि आजच्या झारखंडातला.

ही गाडी इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशनने भारतीय रेल्वे आणि केंद्रीय आरोग्य खात्याच्या साथीने सुरू केली. झेल्मा लाझारस यांनी या कामाची धुरा दीर्घकाळ वाहिली. इम्पॅक्टच्या कल्पनेमागे होते इंग्लंडचे सर जॉन विल्सन. वयाच्या बाराव्या वर्षी शाळेच्या प्रयोगशाळेतील स्फोटात त्यांची दृष्टी गेली. त्यांची दृष्टी परत येण्याजोगी नव्हती. पण टाळता येणारे किंवा बरे होणारे अपंगत्व कुणाच्या वाट्याला राहू नये, यासाठी त्यांनी आयुष्य वेचले.

मोतीबिंदूचे उदाहरण घ्या. गढूळ झालेले भिंग काढून कृत्रिम भिंग बसवायला कुशल हाताला फार वेळ लागत नाही. सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफतही होते. मग खेड्यातली म्हातारी वर्षानुवर्षे भिंत चाचपडत का चालते? कारण मोफत शस्त्रक्रियाही फुकटात पडत नाही. जिल्ह्याच्या गावी जायला एसटीचे भाडे लागते. सोबत मुलगा हवा. त्याची दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते. कोणत्या खिडकीवर केसपेपर काढायचा, रात्री कुठे झोपायचे, हेही माहीत नसते. शेवटी ‘आता वयच झालं’ म्हणून घरचे गप्प बसतात. म्हातारीही घरच्यांचा खर्च वाचवण्यासाठी तेच म्हणू लागते.

दुभंगलेल्या ओठाच्या मुलाचे दुःख वेगळे. ग्रहणात काही चिरले म्हणून मूल असे जन्मले, असा ठपका अनेक ठिकाणी आईवरच येतो. मुलाला अंगावर दूध ओढता येत नाही, पुढे बोलणे स्पष्ट होत नाही, शाळेत चिडवाचिडवी होते. एका शस्त्रक्रियेने मुलाचा चेहरा सुधारतो आणि आईवरचा ठपकाही सैल होतो.

गाडी येण्याच्या आधीच तयारी सुरू होते. स्थानिक प्रशासन आणि आरोग्य कर्मचारी गावोगाव निरोप पोचवतात. मग गाडी एखाद्या लहान स्थानकाच्या बाजूच्या रुळावर साधारण तीन-चार आठवडे थांबते. डोळे, कान, दुभंगलेले ओठ, वाकडे झालेले हातपाय, दात अशा विषयांचे डॉक्टर पाळीपाळीने येतात. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांची व्यवस्था जवळच्या इमारतीत केली जाते. खर्च देणगीदार उचलतात; रुग्णाला काही द्यावे लागत नाही. २०१६ मध्ये दोन डबे वाढून गाडी सात डब्यांची झाली आणि कर्करोगाच्या तपासणीची सोयही तिच्यात आली. आजवर दहा लाखांहून अधिक लोकांना या गाडीने सेवा दिली आहे. करोनाचे सावट असतानाही जानेवारी २०२१ मध्ये ती आसाममधील बदरपूर स्थानकात उभी होती.

ही गाडी चालते ती इंजिनाइतकीच डॉक्टरांच्या वेळेवर. शहरातला शल्यचिकित्सक आपले काम काही दिवस बाजूला ठेवतो, फी न घेता येथे येतो आणि एकामागून एक रुग्ण पाहतो. रमजानमध्ये घरोघरी जकातीचा हिशेब होतो. बचतीचा चाळीसावा हिस्सा गरजूंसाठी काढला जातो. जकात मालमत्तेवर असते, वेळेवर नाही. पण सहज हिशेब केला, तर वर्षाच्या ३६५ दिवसांचा चाळीसावा हिस्सा नऊ दिवसांचा होतो. ज्याच्या हातात कला आहे, त्याने असे नऊ दिवस दिले तर किती घरांत उजेड पडेल, हे या गाडीकडे पाहून कळते.

तरीही केवळ नेक इरादा पुरत नाही. २०१४ मध्ये पंजाबच्या गुरदासपूर जिल्ह्यात मोतीबिंदूच्या एका शिबिरानंतर अनेकांची दृष्टी गेली. जे डोळे मिळवायला आले होते, ते होते तेही गमावून बसले. गरिबाला मोफत देतो म्हणून कमी दर्जाचे द्यावे, अशी मुभा कुणालाच नाही. रेल्वेच्या डब्यात कायमचे शस्त्रक्रियागृह थाटण्याचे मोल इथे समजते.

दुसरा प्रश्न परत पाठवलेल्यांचा. तपासणीला आलेल्या प्रत्येकावर शस्त्रक्रिया होत नाही. कुणाचा रक्तदाब चढलेला असतो, कुणाची साखर. दुभंगलेल्या ओठाच्या बाळासाठी डॉक्टर एक सोपा नियम पाळतात: वय दहा आठवडे, वजन दहा पौंड म्हणजे सुमारे साडेचार किलो, हिमोग्लोबिन दहा. दूध नीट न ओढता आल्याने नेमके हेच बाळ अशक्त असते. त्याला भूल देणे धोक्याचे, म्हणून डॉक्टर ‘वजन वाढवून आणा’ सांगतात. डॉक्टरांचे बरोबरच असते. पण वजन वाढेपर्यंत गाडी पुढच्या राज्यात गेलेली असते. त्या आईला पुढे कुणी हाताशी धरले नाही, तर तिची निराशा पहिल्यापेक्षा मोठी होते.

म्हणून फिरते रुग्णालय हे कायमच्या रुग्णालयाला पर्याय होऊ शकत नाही. पोलिओची गोष्ट येथे आठवावी. या आजाराने आखडलेले पाय सरळ करणे हे या गाडीचे एक मोठे काम होते. पण रांग संपवली ती लसीच्या दोन थेंबांनी. पश्चिम उत्तर प्रदेशातील काही मुस्लिम वस्त्यांत लसीविषयी संशय होता. दारे बंद होत होती. मग मशिदींतून आवाहन झाले, मौलाना आणि शिक्षक समजावायला गेले, आरोग्यसेविका पुन्हा पुन्हा त्याच दारी उभ्या राहिल्या. १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडलेला रुग्ण देशातला नैसर्गिक विषाणूचा शेवटचा ठरला. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. डब्यातल्या टेबलावर एकेक पाय सरळ होत होता. दारोदार फिरणाऱ्या बायांनी पुढचे लाखो पाय वाकडे होऊच दिले नाहीत. दोन्ही सेवाच.

अशा वाटा इतरांनीही चोखाळल्या. दक्षिण आफ्रिकेत १९९४ पासून ‘फेलोफेपा’ ही आरोग्यगाडी धावते. चीनमध्ये १९९७ साली हाँगकाँगवासीयांच्या देणगीतून नेत्ररुग्णांची गाडी सुरू झाली. बांगलादेशात १९९९ पासून ‘जीबोन तरी’ हे तरंगते रुग्णालय नदीकाठच्या लोकांपर्यंत जाते. जिथे रूळ आहेत तिथे रूळ, जिथे पाणी आहे तिथे नाव.

आपल्या गावांतही शिबिरे होतात. फलक लागतात, सत्कार होतात, छायाचित्रे निघतात. डॉक्टर नसलेल्यालाही तेथे काम आहे. आजीला घरून आणून सोडणारी रिक्षा, तिच्यासोबत थांबणारी शेजारीण, मुलाच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई, दुसऱ्या दिवशी आणि महिन्याभरानंतर होणाऱ्या तपासणीची आठवण. आणि सगळ्यात महत्त्वाची एक वही, ज्यांना त्या दिवशी परत पाठवले त्यांच्या नावांची. शिबिराचा मांडव उतरल्यावर ती वही घेऊन कुणीतरी त्या घरी जायला हवे.