अमेरिकेत नव्याने गेलेल्यांसाठी : डेबिट कार्ड की क्रेडिट कार्ड?

शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी अमेरिकेत जाणाऱ्या मराठी तरुणांची व त्यांच्या पालकांची पारपत्र, व्हिसा, विमानाचे तिकीट यांची तयारी महिनोन्‌महिने चालते. तेथे पोचल्यावर पैशाचे व्यवहार कोणत्या कार्डाने करावयाचे, याचा विचार मात्र बहुधा बँकेच्या टेबलाशी बसल्यावरच होतो. डेबिट कार्ड घ्यावे की क्रेडिट कार्ड, हा प्रश्न वरवर किरकोळ भासला तरी पुढे घरभाड्याचा करार, मोटारीचे कर्ज आणि घरकर्ज या सर्वांशी त्याचा संबंध येतो.

डेबिट कार्डाने खर्च होतो तो खात्यातील स्वतःचा पैसा. क्रेडिट कार्डाने खर्च होतो तो बँकेचा. महिन्याअखेर बिल येते व ते ठरलेल्या तारखेपर्यंत भरावयाचे असते. अंथरूण पाहून पाय पसरावेत या शिकवणीत वाढलेल्या माणसाचा कल स्वाभाविकपणेच पहिल्या कार्डाकडे असतो. शिस्तीच्या दृष्टीने ते योग्यही आहे. परंतु डेबिट कार्डाच्या वापरातून अमेरिकेत पत निर्माण होत नाही, ही गोष्ट नवागताने ध्यानी घेतली पाहिजे.

त्या देशात इक्विफॅक्स, एक्स्पेरियन व ट्रान्सयुनियन या तीन प्रमुख संस्था प्रत्येकाच्या कर्जफेडीची नोंद ठेवतात. या नोंदींवरून पतगुणांक काढला जातो. त्यांपैकी सर्वाधिक प्रचलित असा ‘फिको’ गुणांक ३०० ते ८५० या दरम्यान असतो. त्यात वेळेवर परतफेडीला ३५ टक्के, तर देणे असलेल्या रकमांना ३० टक्के महत्त्व दिले जाते. भारतातील सिबिलचा गुणांक कितीही उत्तम असला तरी तो तेथे आपोआप लागू होत नाही. पंधरा वर्षे एकही हप्ता न चुकविलेला अभियंता तेथील दफ्तरी अनोळखीच असतो. कर्ज नसणे हीच पत, असे मानणाऱ्या आपल्या मंडळींना हे काहीसे उफराटे वाटेल. पण व्यवहार असा आहे खरा. निदान सहा महिने चाललेले खाते असल्याशिवाय फिको गुणांक तयारच होत नाही.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा आहे आणि तो अधिक निकडीचा म्हणावा लागेल. क्रेडिट कार्ड चोरीस जाऊन त्यावर कोणी खरेदी केली, तर अमेरिकन कायद्याने ग्राहकाची जबाबदारी अधिकाधिक ५० डॉलर राहते. डेबिट कार्डासाठी १९७८ चा इलेक्ट्रॉनिक निधी हस्तांतरण कायदा लागू आहे. त्यानुसार कार्ड हरवल्याचे कळल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत बँकेस कळविल्यास जबाबदारी ५० डॉलरपर्यंत, त्यानंतर ५०० डॉलरपर्यंत जाते. आणि खात्याचे विवरण पाठविल्यापासून ६० दिवस उलटल्यावरही तक्रार केली नाही, तर त्यापुढील नुकसान सर्वस्वी ग्राहकाच्या माथी येऊ शकते. अनेक कार्ड कंपन्या स्वेच्छेने याहून अधिक संरक्षण देतात. तथापि फरक उरतोच. समजा, एखाद्या विद्यार्थ्याच्या खात्यात १,५०० डॉलर आहेत आणि त्यांतील ९०० डॉलर घरभाड्याचे आहेत. डेबिट कार्डाची चोरी झाली तर ही रक्कम प्रत्यक्ष खात्यातूनच जाते. चौकशी लांबल्यास बँकेने तात्पुरता परतावा देण्यासाठी सामान्यतः कामकाजाचे दहा दिवस, तर नव्या खात्याच्या बाबतीत वीस दिवसांची मुदत असते. घरमालक तोवर थांबेलच असे नाही. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत वाद होतो तो बँकेच्या पैशाविषयी. भाड्याची रक्कम खात्यात सुरक्षित असते.

हॉटेल वा भाड्याची मोटार घेतानाही हाच अनुभव येतो. तेथे अनामत म्हणून काही रक्कम अडवून ठेवतात. डेबिट कार्ड दिल्यास तितके पैसे काही दिवस अडकून पडतात.

मग नवागतास क्रेडिट कार्ड मिळते काय? पतीची नोंद नसल्याने पहिला अर्ज पुष्कळदा नाकारला जातो. शिवाय २००९ च्या कायद्यानुसार २१ वर्षांखालील अर्जदारास स्वतःचे उत्पन्न अथवा सहस्वाक्षरी करणारी व्यक्ती दाखवावी लागते. यावर रूढ उपाय म्हणजे अनामत ठेवून मिळणारे ‘सिक्युअर्ड’ कार्ड. उदाहरणार्थ, २०० डॉलर ठेवल्यास बहुधा तेवढीच खर्चमर्यादा मिळते. बाकी चुकती करून खाते बंद केल्यावर अनामत परत मिळते. हे कार्ड पतसंस्थांकडे नोंदविले जाते ना, एवढे आधी विचारून घ्यावे. नोकरदाराबरोबर गेलेल्या पती वा पत्नीचे नाव त्याच कार्डावर अधिकृत वापरकर्ता म्हणून घालता येते व त्यांचीही नोंद बहुधा सुरू होते.

कार्ड मिळाल्यावरची खबरदारी मात्र कडक हवी. बिल पूर्ण भरले तर खरेदीवर सहसा व्याज लागत नाही. बिलावर छापलेली ‘किमान रक्कम’ हा मोठा सापळा आहे. तेवढीच भरत गेल्यास उरलेल्या बाकीवर व्याज चढते आणि अलीकडच्या वर्षांत त्याचा वार्षिक दर २० टक्क्यांच्या आसपास वा त्याहून अधिक राहिला आहे. क्रेडिट कार्डाने रोख रक्कम काढल्यास व्याज पहिल्या दिवसापासून लागते, वर शुल्क निराळे. रोख पैशासाठी डेबिट कार्डच वापरावे. मर्यादा ५०० डॉलर असता बिलावर ४५० डॉलर दिसले, तर पुढे ते वेळेवर भरले तरी त्या महिन्यापुरता गुणांक घसरू शकतो. खर्च मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत ठेवण्याचा सल्ला म्हणूनच दिला जातो. हप्ता ३० दिवसांहून अधिक थकला, तर त्याची नोंद सात वर्षे राहू शकते.

तेव्हा भाडे, रोख रक्कम व बचत यांसाठी बँक खाते व त्याचे डेबिट कार्ड, आणि किराणा, प्रवास, दूरध्वनी यांसारख्या नेमक्या खर्चासाठी लहान मर्यादेचे क्रेडिट कार्ड, ही विभागणी बहुतेकांस सोयीची ठरते. ज्यास खर्चावर ताबा राहत नाही, त्याने क्रेडिट कार्डावर एखादेच ठरावीक मासिक बिल लावून ते खात्यातून आपोआप भरले जाईल अशी व्यवस्था करावी.

पहिल्या काही आठवड्यांसाठी भारतातील कार्ड जवळ असणे उपयुक्त असते. मात्र रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनुसार परदेशातील वापराची सोय ग्राहकाने स्वतः सुरू करून घ्यावी लागते. हे काम निघण्यापूर्वीच उरकावे. परदेशी वास्तव्यास गेल्यावर येथील साधे बचत खाते ‘एनआरओ’ खात्यात बदलून घेणेही आवश्यक आहे. त्यासाठीची कागदपत्रे आपल्या शाखेत विचारून ठेवावीत.