विजेवर चालणारी नाव

चिमूरच्या पूर्वेस, नागभीड तालुक्यात, जंगलाच्या कुशीत घोडाझरीचा विस्तीर्ण तलाव पसरलेला आहे. या मुलखातील ढिवर पिढ्यान्‌पिढ्या अशा तलावांत डोंगा घालून मासेमारी करीत आले आहेत. डोंग्याला इंधन लागत नाही. त्याचे इंधन म्हणजे नावाड्याच्या दंडातील बळ. त्याच्या जागी तेलाचे यंत्र आले तर वेग वाढतो, पण पाण्यावर तेलाचा तवंग येतो आणि घरघरीने काठची पाखरे उठून जातात. याच पाण्यावर पुढे धानाचे पीक उभे राहते आणि याच पाण्यात मासळी वाढते. म्हणून अशा ठिकाणी विजेवर चालणाऱ्या नावेचा विचार होणे स्वाभाविक आहे.

ही कल्पना नवी नव्हे. याकोबी नावाच्या शास्त्रज्ञाने 1838 साली रशियातील नेवा नदीवर विद्युत्घटांच्या बळावर नाव चालवून दाखविली होती. अडचण तेव्हा होती तीच आजही आहे : वीज साठवावी कशी आणि ती पुरवावी कुठवर?

एक लिटर डिझेलमध्ये सुमारे दहा युनिट ऊर्जा असते. लहान यंत्रात तिच्यापैकी जेमतेम एकतृतीयांश कामी येते. बाकीची उष्णतेच्या रूपाने वाया जाते. विजेची मोटर याबाबतीत फार काटकसरी आहे. घेतलेल्या विजेपैकी नऊदशांशाच्या आसपास वीज ती कामी लावते. परंतु दहा युनिटे साठविणारा लिथियमचा संचायक सुमारे शंभर किलो वजनाचा होतो, आणि तेवढ्यात जे काम होते ते तीन लिटर डिझेलने होऊन जाते. शिसे व आम्ल यांचा जुना संचायक घेतला तर वजन याच्या तिपटीवर जाते. नावेत मग माणसे बसवावयाची की संचायक, असा प्रश्न पडतो!

तेव्हा पल्ला वाढवावयाचा तो संचायक वाढवून नव्हे, तर वेग आवरून. सहा मीटर लांबीची एक साधी नाव घेऊ. तिच्या संचायकातून आठ युनिटे वापरता येतात असे धरू. ताशी 5 किलोमीटर वेगाला तिला अर्धा किलोवॉट शक्ती लागत असेल, तर ती सोळा तास चालेल आणि 80 किलोमीटर जाईल. आता वेग दुप्पट केला. शक्ती दुप्पट लागेल असे कोणासही वाटेल. पण तसे होत नाही. दुप्पट वेगाने जाणाऱ्या नावेला दर क्षणी दुप्पट पाणी बाजूला सारावे लागते आणि त्या पाण्याला गतीही दुप्पट द्यावी लागते; म्हणून पाण्याचा विरोध चौपट होतो. या चौपट विरोधातून दर क्षणी दुप्पट अंतर कापावयाचे असल्याने शक्ती आठपट लागते. म्हणजे चार किलोवॉट. आठ युनिटे दोन तासांत संपतात आणि नाव केवळ 20 किलोमीटर जाते. वेग याहून वाढविला तर नाव स्वतःच उठविलेल्या लाटेवर चढू पाहते. मग आठपटीचा हिशेबही अपुरा पडतो.

वाहत्या पाण्यात मात्र हळू जाणे नेहमीच लाभाचे नसते. वैनगंगेचा प्रवाह ताशी 4 किलोमीटर आहे आणि हीच नाव त्याविरुद्ध ताशी 5 किलोमीटर वेगाने निघाली असे समजा. काठावरून पाहणाऱ्यास ती तासाला एकच किलोमीटर सरकताना दिसेल. सोळा तासांत सोळा किलोमीटर! तिचा वेग 6 केला तर वीज नऊ तासांतच संपेल, पण अंतर 18 किलोमीटरांवर जाईल.

केरळात वैकम ते तवणक्कडवू या जलमार्गावर ‘आदित्य’ ही सौर नौका जानेवारी 2017 मध्ये सुरू झाली. ती 75 उतारू नेते. छतावर 20 किलोवॉटची सौर पटले आणि पोटात 50 युनिटांचा संचायक आहे. खेप लहान, वेग बेताचा. तिचे यश यातच आहे. मुंबईच्या माझगाव डॉकने डिसेंबर 2023 मध्ये आणलेली ‘बाराकुडा’ ही बारा उतारूंची नौका अधिक वेगवान आहे. तिला पन्नास किलोवॉटच्या दोन मोटरी असून एकदा वीज भरली की ती सात तास चालते, असे सांगण्यात आले. हे सात तास अर्थातच पूर्ण वेगाचे नव्हेत. तसे असते तर सातशे युनिटे, म्हणजे सुमारे सात टनांचा संचायक, तिला वाहावा लागता.

आपल्या सहा मीटरांच्या नावेवर सहा चौरस मीटर सौर पटले बसविली, तर विदर्भातील निरभ्र दिवशी चार ते पाच युनिटे मिळू शकतील. मंद वेगाला तेवढी आठ-नऊ तास पुरतात. श्रावणातील ढगाळ दिवशी मात्र त्यांवर भिस्त ठेवता येणार नाही. शिवाय मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की संचायकाचे आयुष्य घटते. त्याला सावलीत व वाऱ्यात ठेवणे भाग असते.

तेलाची नाव थांबली तर दुसऱ्या डब्यातले तेल ओतता येते. भर तलावात वीज संपली तर ती कोठून आणणार? म्हणून जाताना एक वाटा, परतताना एक वाटा आणि वाऱ्यासाठी एक वाटा असे साठ्याचे तीन भाग करावे लागतात. जाताना वारा पाठीशी असेल, तर नावाड्याने अर्ध्या वाटेआधीच नाव वळवावी. परतताना तोच वारा समोरून येणार असतो. आणि वल्ह्यांची एक जोडी नावेत असू द्यावी.